मार्शँडची लाल जर्सी: चार तारे

फ्लोरिडा पँथर्स या आइस हॉकी संघातल्या ब्रॅड मार्शँडची ६३ नंबरची जर्सी घेतली मुलासाठी, पण हल्ली मीच जास्त घालते. कापड दणकट आहे, नाव-नंबर छापलेले नाहीत, शिवलेले आहेत. माप मात्र ढगळ, आत पॅड बसतील अशा बेताचं. एक माप लहानच मागवा.

एक तारा कापलाय तो पट्ट्यासाठी. मारामारीत जर्सी डोक्यावरून ओढली जाऊ नये म्हणून खेळाडूंच्या जर्सीला आतून पट्टा असतो, तो पँटला अडकवतात. या स्वस्त प्रतीत तो नाही. आणि ब्रॅड मार्शँडच्या जर्सीला पट्टा नसणं म्हणजे तर्रीशिवाय मिसळ!

आधीच्या बॉस्टन संघाकडून खेळताना, २०१८ मध्ये, या बाबाने भर सामन्यात समोरच्याचं तोंड चाटलं होतं. २०२४ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) आमच्या पँथर्सच्या सॅम बेनेटचा ठोसा लागून तो दोन सामने बाहेर बसला, तेव्हा आमच्या घरात कुणी हळहळलं नाही. मार्च २०२५ मध्ये तोच आमच्या संघात आला, बेनेटच्या शेजारी बसायला! मग स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत एडमंटनविरुद्ध सहा गोल. त्यातला एक दुसऱ्या ओव्हरटाइममधला, सामना जिंकून देणारा. जिंकल्यावर बर्फावर प्लास्टिकचे उंदीर फेकायची इथली जुनी रीत. सहकारी ते उंदीर काठीने त्याच्याच अंगावर मारायचे, आणि लोक हसून बेजार.

थंड पाण्यात, उलटी करून धुवा. किंमत जास्तच आहे, सेलची वाट बघितलेली बरी.