एचआर आणि डेटा अ‍ॅनालिटिक्सची ‘ड्युअल डिग्री’ : पैसे भरण्याआधी पावती बघा

“दोन वर्षांत दोन डिग्र्या, एचआरचं एमबीए आणि डेटा अ‍ॅनालिटिक्सची मास्टर्स, फी एकच.” अशा जाहिरातीखाली नंबर टाकला की थोड्याच वेळात ‘काउन्सेलर’चा फोन येतो. हा माणूस सल्लागार नसतो, अ‍ॅपवर कोर्स विकणाऱ्या खासगी कंपनीचा, टार्गेटवर काम करणारा सेल्समन असतो. स्कॉलरशिप नेहमी आज रात्री बारापर्यंतच असते आणि सीट ब्लॉक करायला नेहमी पाचेक हजारच लागतात.

शंका काढलीत तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) एप्रिल २०२२ चं परिपत्रक पाठवतो. परिपत्रक खरं आहे, म्हणूनच लोक गाफील राहतात. एकाच वेळी दोन पदव्या करायला त्यात मुभा आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि दुसरी ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची चालते, दोन्ही ऑनलाइनही चालतात. पण पदव्या दोन म्हणजे प्रवेश दोन, परीक्षा दोन, गुणपत्रिकाही दोन. एका फॉर्मवर दोन पदव्या देण्याची सोय त्यात कुठेच नाही. पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ नुसार विद्यापीठांना आहे, अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला नाही. प्रत्यक्षात हातात पडते ती एमबीएची एक पदवी आणि कंपनीच्या लेटरहेडवरचं एक सर्टिफिकेट.

हे भांडं पावतीवरच फुटतं. एक पावती विद्यापीठाच्या नावाची असते आणि दुसरी खासगी कंपनीची. दुसरीवर ‘करिअर सर्व्हिसेस’सारखा गुळगुळीत शब्द असतो आणि त्याखाली १८ टक्के जीएसटी. विद्यापीठ मान्यताप्राप्त पदवीसाठी जी फी घेतं, तिच्यावर जीएसटी लागत नाही. म्हणजे ज्या रकमेवर तो कर लावलाय, ती पदवीची फी नाही असं कंपनीने स्वतःच लिहून दिलेलं असतं. दुर्दैवाने ही पावती पैसे गेल्यावर ईमेलने येते. म्हणून आधीच विचारा, “कुणाच्या खात्यात किती जाणार आणि जीएसटी किती?” उत्तर फोनवर नको, ईमेलवर घ्या.

‘नो-कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बहुतेक वेळा कर्ज. पॅन, आधार, सेल्फी आणि ओटीपी दिले की एखाद्या फायनान्स कंपनीचा करार तुमच्या नावावर होतो. रक्कम थेट कोर्स विकणाऱ्याला जाते आणि हप्ते तुमच्या खात्यातून कापले जातात. क्लासेस बंद पडले तरी हप्ता चालूच, कारण करार क्लासशी नाही, सावकाराशी आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटींचा थोडक्यात कागद, द्यावं लागतं आणि त्यात कूलिंग-ऑफ पीरियड लिहिलेला असतो. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत अगदी थोडी असू शकते, त्यामुळे हा कागद त्याच दिवशी उघडा.

आता अ‍ॅनालिटिक्सच्या नावाखाली काय शिकवतात ते बघू. ‘इंडस्ट्री कॅपस्टोन’, म्हणजे शेवटचा मोठा प्रोजेक्ट, म्हणून बहुतेकदा आयबीएमचा अ‍ॅट्रिशन डेटासेट, म्हणजे कोण नोकरी सोडतं आणि कोण राहतं याचा तक्ता, पुढे येतो. कॅगल या डेटासेटच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. १,४७० ओळी, ३५ रकाने, आणि कर्मचारी काल्पनिक. नोकरी सोडणारे २३७, राहिलेले १,२३३. म्हणजे “कुणीच सोडून जाणार नाही” एवढंच म्हणणारं मॉडेल, म्हणजे अंदाज बांधणारा प्रोग्रॅमसुद्धा जवळपास ८४ टक्के अचूक ठरतो! ब्रोशरमध्ये ‘८५ टक्के अ‍ॅक्युरसी’ दिसली की हा आकडा आठवा. सोडणाऱ्या २३७ पैकी मॉडेलने किती पकडले, म्हणजे रिकॉल किती, हा खरा प्रश्न आणि मुलाखतीत तोच येतो. आणखी एक खूण म्हणजे या फाइलमधला ‘स्टँडर्ड अवर्स’चा रकाना. त्यात सगळीकडे ८० च आहे, म्हणजे अंदाजासाठी त्याचा काहीच उपयोग नाही. तो न काढता मॉडेल चालवणाऱ्या ‘मेंटॉर’ने डेटा उघडूनही पाहिलेला नसतो.

हे दोन विषय सरळ मार्गानेही जोडता येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या एमबीए अभ्यासक्रमातच मनुष्यबळ आणि बिझनेस अ‍ॅनालिटिक्स ही दोन्ही स्पेशलायझेशन होती. पदवी मात्र एकच, हे तिथे कुणी लपवलं नाही. ऑनलाइनच करायचं असेल तर यूजीसीच्या डीईबी (दूरशिक्षण विभाग) संकेतस्थळावर विद्यापीठासोबत अभ्यासक्रमाचं नाव आणि सत्रही जुळतंय का ते तपासा. सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून अशा प्रवेशाला डीईबी-आयडी लागतो. तो एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडीवरून स्वतः काढायचा. त्याचा विषयच निघत नसेल तर तुमचा विद्यापीठात प्रवेश होतच नाहीये.

पैसे गेलेच असतील तर आधी विद्यापीठाला आणि कंपनीला वेगवेगळे ईमेल करा. विद्यापीठाच्या पावतीवरच्या रकमेला यूजीसीचं फी परताव्याचं धोरण लागू होतं. कंपनीच्या पावतीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. विद्यापीठाच्या नावाने बनावट लिंक पाठवून पैसे घेतले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. चॅट डिलीट करू नका. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नका, त्या अडवून धरायला यूजीसीची मनाई आहे. आणि चिडून बँकेत जाऊन ऑटो-डेबिट तेवढं बंद करू नका. त्याने हप्ता थकतो, कर्ज मिटत नाही आणि सिबिल स्कोअर तुमचाच पडतो. कर्ज रद्द करण्याची मागणी फायनान्स कंपनीला लेखी पाठवा आणि ‘नो ड्यूज’चं पत्र हातात आल्यावरच मँडेट, म्हणजे हप्ता कापायची बँकेला दिलेली परवानगी, काढा.