बीएस्सी कॉम्प्युटर, बीसीए की इंजिनिअरिंग?

बारावीचा निकाल लागला की पुण्यात घरोघरी एकच वाद: इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, पुढच्या राऊंडची वाट बघायची, की सरळ बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सची पदवी) गाठायचं? मी स्वतः बीएस्सीवाला, तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार ते उघड आहे.

इंजिनिअरिंग चार वर्षांचं. ब्रँच कॉम्प्युटर मिळाली तरी पहिल्या वर्षी मेकॅनिक्स, केमिस्ट्री, ड्रॉइंग चुकत नाही. कोडिंगच्या ओढीनं आलेली पोरं तिथेच केटी लावून (विषय नापास होऊन) बसतात. मात्र कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या आणि पॅकेज यांत इंजिनिअरिंग सहसा पुढे, हे मान्य करायलाच हवं.

बीएस्सीला पहिल्याच वर्षी ‘सी’ ही प्रोग्रामिंगची भाषा हातात येते. जोडीला गणित आणि संख्याशास्त्र. आमच्या वर्गात या दोन विषयांना शिव्या बसायच्या. पुढे मशीन लर्निंगला हात घातला तेव्हा मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटीच कामी आली. बारावीला गणित नसेल तर या वाटेला जाऊ नका.

बीसीएला कॉमर्स-आर्ट्सची मुलंही जातात. भर वेब, डेटाबेस अशा थेट वापराच्या गोष्टींवर. २०२४ पासून त्याला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागते. तिच्या फॉर्मची तारीख हुकवू नका.

बीएस्सी काय नि बीसीए काय, खरी गोम प्रॅक्टिकलला कळते. परीक्षेत स्लिप उचलायची, त्यावरचा प्रोग्राम लिहायचा. स्लिपा आधीच ठाऊक असतात, त्यामुळे पोरं पाठ करून येतात. माझ्या स्लिपवर लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांना साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींची यादी, होती. प्रोग्राम चालला. बाहेरून आलेल्या मॅडम म्हणाल्या, “आता हीच यादी उलटी करून दाखव.” मी पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत होतो. पाठांतरावर पदवी मिळते, मुलाखत निघत नाही.

तीन वर्षांनंतर एमसीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सची पदव्युत्तर पदवी, करता येतं. २०२० पासून ते दोनच वर्षांचं झालंय. म्हणजे एकूण पाच. घरून तेवढा वेळ मिळणार नसेल तर विप्रोसारख्या कंपन्या बीएस्सी-बीसीएवाल्यांना नोकरीत घेऊन सोबत एमटेक करवतात, तीही वाट बघा.

बीएस्सी कॉम्प्युटर बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतं, म्हणून फी कॉलेजागणिक बदलते. प्रवेशाआधी एका साध्या मंगळवारी दुपारी कॉलेजात जा आणि थर्ड इयरच्या पोरांना विचारा, लॅब किती वाजता बंद होते.