नटांसाठी राणीची बाग: कुठे थांबावं, काय टिपावं

भूमिकेसाठी प्राणी वापरायचं, म्हणजे एखाद्या प्राण्याची चालढाल पात्रात उतरवायची ठरलं की नाटकाचे बरेच गट पहिल्याच तालमीत चार पायांवर उतरतात. मग हॉलभर जे फिरतं ते लहानपणीच्या चित्रांतलं असतं. वाघ म्हणजे डरकाळी आणि पंजा, माकड म्हणजे काख खाजवणं. हॉलच्या आधी निरीक्षणाच्या निदान तीन फेऱ्या हव्यात, प्रत्येक फेरीत एकाच प्राण्यासमोर सलग वीस मिनिटं. मुंबईत त्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे भायखळ्याची राणीची बाग, अर्थात वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. हा आढावा फक्त त्या कामापुरता आहे.

बुधवारी बाग बंद असते. शनिवार-रविवारी एका जागी वीस मिनिटं उभं राहणं अशक्य, त्यामुळे मंगळवार किंवा गुरुवार धरावा आणि दार उघडताच आत शिरावं. ऊन चढलं की बहुतेक प्राणी आडवे होतात. झोपही अभ्यासाची आहे, पण ती दुसऱ्या फेरीत.

पेंग्विनपासून सुरुवात करावी. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन २०१६ मध्ये आले, आणि नटाला त्यांच्याकडून मिळतं ते वाघाकडून मिळत नाही. पेंग्विनला गुडघे असतात, पण ते पिसांखाली अंगातच दडलेले. म्हणून पाऊल टाकायचं तर सगळं धड आधी एका बाजूला झुकतं, मग दुसऱ्या. बघायचं आहे तेच: वजन आधी सरकतं, पाय नंतर उचलला जातो. नवखे नट उलट करतात, आधी पाय आपटतात आणि वरून डुलतात, म्हणून ते विदूषकी दिसतं. दुसरी गोष्ट नजरेची. समोरची वस्तू नीट बघायला पेंग्विन मान वळवून एक डोळा तिच्याकडे करतो. निवृत्त कारकुनाच्या भूमिकेत एवढं एक उचललं, की माणूस समोरच्याकडे कधीच सरळ बघत नाही, तरी त्याचं सगळीकडे लक्ष आहे, हे संवादाशिवाय पोहोचतं. इथली अडचण काचेची. आवाज नीट पोहोचत नाही आणि गर्दी असली की ओळ पुढे सरकत राहते. पाण्याखालची हालचाल आणि जमिनीवरची चाल दोन वेगळ्या फेऱ्यांत बघावी, कारण पाण्यात हाच प्राणी ओळखू येत नाही. घरात अवघडलेला आणि कचेरीत सफाईदार असा माणूस उभा करायचा असेल, तर याहून चांगला नमुना बागेत नाही.

वाघाकडे सगळे धावतात. तिथे चेहरा सोडून खांदे बघावेत. चालताना डोकं जवळजवळ एका पातळीत राहतं, वर-खाली होतात ती खांद्याची हाडं. पायांचा क्रम मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असा. मागच्या पायात उलटा गुडघा वाटतो ती खरं तर टाच आहे, वाघ बोटांवर चालतो. हे कळलं नाही तर नट गुडघे घासत रांगतो आणि दोन दिवसांत गुडघेच धरतो.

मात्र सावध राहावं: बंदिवासातल्या प्राण्याची ठरावीक रेषेवरची येरझार किंवा अस्वलाचं एका जागी डुलणं हा त्याचा स्वभाव नसतो, तो कोंडलेपणाचा परिणाम असतो. ते उचललं तर भूमिकेत वाघ येत नाही, पिंजरा येतो. भूमिकाच कोंडलेल्या माणसाची असेल तर ते सोनं आहे, पण हे जाणून निवडलेलं असावं. प्राण्याचं नैसर्गिक, मोकळं वागणं बघायला ही बाग अपुरी पडते, आणि तिची मोठी मर्यादा हीच.

मगरीसमोर कंटाळा येतो, म्हणूनच तिथे थांबावं. दहा मिनिटं काहीही हलत नाही आणि मग एकच हालचाल होते, पूर्ण. सावकार किंवा वकील करणाऱ्या नटाने ही शांतता अंगात मुरवावी. पाणघोड्याचे डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला. सगळं शरीर लपवून एवढंच बाहेर ठेवणं हेही एक पात्र आहे. मुक्त पक्षी विहारात मध्ये जाळी नसते, मान आणि पाय जवळून दिसतात.

टिपणं वहीत करावीत. हालचाल कुठून सुरू होते, नाकातून, खांद्यातून की कमरेतून? वजन कुठे आहे? श्वास किती वेळाने? दचकल्यावर आधी काय थांबतं? मोबाइल शेवटच्या मिनिटाला काढावा. आधीच काढला तर डोळे पडद्यावर राहतात. चित्रफीत घरी अर्ध्या गतीने बघून फक्त पायांचा क्रम पडताळावा.

हॉलमध्ये आल्यावर मनगटं आणि कंबर दहा मिनिटं मोकळी करावी आणि चार पायांवर एका वेळी पंधरा मिनिटांहून जास्त राहू नये. माणसाचे पाय हातांहून लांब, त्यामुळे ढुंगण वर आणि डोकं खाली जातं. हातांखाली वीतभर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवले की पाठ सपाट होते. गुडघ्यांना पट्टे हवेतच. मग दिग्दर्शकाने आकडे पुकारावेत: शंभर टक्के प्राणी, पंचाहत्तर, पन्नास, पंचवीस, दहा. पन्नासला नट दोन पायांवर येतो, पंचवीसला संवाद सुरू होतात, दहाला फक्त श्वास, नजर आणि वजन उरतं. काम बिघडतं ते शंभरवरून थेट दहावर उडी मारल्याने. मधली पायरी गाळली की प्राणी गळून पडतो आणि एखादी लकब तेवढी उरते. गुरगुरण्याने घसा बसतो, तेव्हा आवाज पन्नासनंतरच आणि तोही श्वासातूनच काढावा.

प्राणी नावावरून निवडू नये. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ नाटकात सगळ्यांनीच गिधाड धरलं तर सगळे एकसारखे दिसतील. शीर्षकाने ते काम आधीच केलेलं आहे, प्रत्येक पात्राला स्वतःचा वेगळा प्राणी शोधावा.

बागेत जमलं नाही तर कावळा कुठेही आहे. खाण्याजवळ येताना तो तिरक्या उड्या मारतो, एक घास उचलतो आणि लगेच मागे सरतो. म्हशीसाठी मुंबईतल्याच आरे वसाहतीतले तबेले बघावेत. रवंथ करताना तिचा जबडा आडवा फिरतो, आणि तेवढ्या एका गोष्टीवर गावच्या पाटलाचा पहिला प्रवेश उभा राहू शकतो.