एअर रायफलचे छर्रे, टार्गेटचा कागद आणि तेल : साताऱ्याच्या पावसासकट आठ महिने वापरून

गुढीपाडव्याला घरच्या सरावासाठी स्प्रिंगची एअर रायफल घेतली, ४.५ एमएमची, आता दिवाळी होऊन गेली. पोरगी क्लबात पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) मारते, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत आपल्या जवळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणलं तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच. वाड्याची जुनी पडवी लांब आहे, भिंतीपर्यंत बरोबर १० मीटर भरतं, पलीकडे पक्की दगडी भिंत आणि मारताना त्या बाजूचं दार आतून कडी लावून बंद.

छर्रे कुठले घ्यावेत यावर सगळे बोलतात, म्हणून मी पण आधी तीन-चार कंपन्यांचे डबे आणले. पण खरा फरक पडला तो कागदात आणि तेलात, त्याबद्दल कुणी धड सांगत नाही म्हणून लिहितोय.

सुरुवातीला टार्गेट साध्या ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) झेरॉक्स कागदावर प्रिंट मारून आणली. चपट्या डोक्याचा छर्रा असला की भोक पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल यायला पाहिजे, पण पातळ कागदाच्या कडेला चांदणीसारख्या चिरा जातात. १० मीटरच्या टार्गेटवर १० चा ठिपका अर्ध्या एमएमचा, पुढची एकेक रिंग अडीच एमएमची, छर्ऱ्याची कड रेषेला लागली तरी वरचा पॉइंट मिळतो, मग तिथं कागदच फाटला तर ९ का १० ठरवायचं कसं? पोरगी म्हणायची बाबा हा १० आहे, मी म्हणायचो ९, आणि दोघंही बरोबर असू शकतो ही अडचण. दुसरी गोष्ट, प्रिंट काढताना फिट टू पेज बंद करा, नाहीतर रिंगा बारीक होतात, काळा गोल ३०.५ एमएम भरला पाहिजे, पट्टी लावून मोजा आणि मगच शंभर प्रती सांगा. माझ्या पहिल्या शंभर प्रती तशाच गेल्या.

मग ड्रॉइंगचा कार्ट्रिज पेपर आणला, बराच बरा निघाला. या कागदाचं नाव कुठून आलं ते मला तेव्हाच कळलं, पूर्वी बंदुकीची काडतुसं कागदात गुंडाळायचे तो हा कागद. १८५७ ला एन्फिल्डच्या काडतुसाच्या कागदाला आणि त्यावरच्या चरबीलाच तर शिपायांनी हात लावायला नकार दिला. कागद आणि वंगण ही जोडी किती जुनी आहे बघा.

शेवटी पोवई नाक्याजवळच्या प्रिंटिंगवाल्याकडून २५० जीएसएम कार्ड कापून घेतलं. भोक स्वच्छ, कड बोटाला लागत नाही. चकचकीत बाजूवर प्रिंट नको, बल्बखाली चमकतं आणि डोळा थकतो, मॅट बाजूच घ्या. मागे जुन्या लग्नपत्रिका टेकवतो, कार्डाला आधार मिळाला की ते आणखी नीट कापलं जातं.

जुलैत मात्र हेच कार्ड मऊ पडलं. आमच्याकडे पावसात पापड दोन तासात सादळतो, कागदाचं काय सांगायचं! आता बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून पत्र्याच्या डब्यात कार्डं ठेवतो, मारायच्या वेळी दहाच बाहेर.

तेलाचं जरा सविस्तर, कारण इथं नुकसान झालंय. सुरुवातीला छर्ऱ्यांना शिलाई मशीनचं तेल लावलं, आणि पहिल्याच शॉटला फटाक्यासारखा आवाज, नळीतून निळसर धूर, छर्रा दोन इंच वर. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते आणि खनिज तेल पेट घेतं, डिझेल इंजिनात होतं तसंच. असं वीस-पंचवीस शॉट झाले आणि पिस्टनचा सील गेला, रिपेअरवाल्यानं काढून दाखवला तेव्हा कडा जळलेल्या होत्या. पीसीपीत तर हवा आधीच मोठ्या दाबाखाली भरलेली, त्यात खनिज तेल अजिबात नको.

मग तेल लावायचंच कशाला? कोरडा मारला तर? एप्रिल-मेमध्ये कोरडे मारले, काही बिघडलं नाही. पण पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या शिश्याच्या छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरली, ते हाताला पण लागतं आणि नळीत पण जातं. तेव्हापासून दोनशे छर्रे झिपच्या पिशवीत, शुद्ध सिलिकॉन तेलाचे दोनच थेंब, हळू फिरवायचे (जोरात हलवले तर छर्ऱ्याचा मागचा मऊ घेर, म्हणजे स्कर्ट, चेपतो) आणि रात्रभर जुन्या धोतराच्या कापडावर पसरायचे. बोटाला ओल लागली तर तेल जास्त झालंय, पुन्हा पुसायचं. हेच सिलिकॉन स्प्रिंगला आणि ट्रिगरला मात्र लावू नका, धातूवर धातू घासतो तिथं ते टिकत नाही.

तेल बदललं की पहिले पंधरा-वीस शॉट मोजू नका, नळीला सवय लागेपर्यंत ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या भोकांचा पुंजका) पसरतोच. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी एकदा कागद आणि तेल एकदम बदललं आणि सुधारणा कशानं झाली तेच कळेना, परत पहिल्यापासून करावं लागलं.

टार्गेटमागे लाकडी खोक्यात गणपतीची शाडू तेलात मळून भरलीय, छर्रा तिथंच रुततो, शिसं उडत नाही. सराव झाला की साबणानं हात, मगच पोरीला खायला.

पन्नास कार्डं आणि त्याच डब्यातले छर्रे सांगलीला मेव्हण्याकडे पाठवलेत. त्याच्याकडे पाऊस आमच्यापेक्षा कमी, हवा कोरडी, त्याला तेल न लावताच मारायला सांगितलंय, पाच-पाचचे ग्रुप काढून कार्डं तशीच परत पाठव म्हटलंय, मोजू आम्ही इथं.