दातांचा विमा म्हणून घेतलेले कार्ड

मी ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस सेवानिवृत्त झालो. लेखा शाखेत ३३ वर्षे इतरांची बिले तपासण्यात गेली आणि निवृत्तीनंतर महिन्याभरातच स्वतःच्या हातातली पावती मला धड वाचता आली नाही, हे लिहिताना संकोच वाटतो. तरीही लिहितो, कारण नागपुरात आमच्या त्रिमूर्तीनगर भागातल्या आणखी तीन घरी हेच कार्ड पोहोचल्याचे मला नंतर समजले.

आमचा आरोग्य विमा आहे, पण त्यातून दातांचा खर्च निघत नाही, हे मला ठाऊक होते. अपघातात दातांना किंवा जबड्याला इजा होऊन रुग्णालयात भरती व्हावे लागले, तर बहुतेक पॉलिसी तो खर्च देतात; दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून केलेले रूट कॅनाल, कॅप किंवा कवळी मात्र सहसा त्यात बसत नाही. सौ.ची दाढ दिवाळीपासून ठणकत होती. त्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीस वसाहतीच्या सभागृहात मोफत दंत तपासणी शिबिर लागले, तेव्हा आम्ही दोघेही गेलो.

तपासणी पाच मिनिटांत आटोपली, त्यानंतरची बैठक पाऊण तास चालली. "काकाजी, तुमच्या मेडिक्लेममध्ये दात येतच नाहीत. आपल्या प्लॅनमध्ये रूट कॅनाल फ्री, वेटिंग पिरियड नाही, तीन वर्षं दोघांनाही कव्हर," असे तो तरुण प्रतिनिधी अगदी आर्जवाने सांगत होता. 'प्लॅन', 'कव्हर', 'क्लेम' हे शब्द त्याच्या तोंडी सतत होते. 'विमा' हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले. आधीच किडलेल्या दाढेची जबाबदारी कोणती विमा कंपनी पहिल्या दिवसापासून आणि काहीही न विचारता घेईल, हा साधा प्रश्न त्या वेळी सुचायला हवा होता. मी तिथल्या तिथे धनादेश लिहून दिला आणि कार्ड घेतले.

पावती अशी होती: सदस्यता शुल्क ₹१५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ₹२,७००, एकूण ₹१७,७००. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, आणि ही बातमी मी स्वतः कार्यालयात सहकाऱ्यांना वाचून दाखवली होती. म्हणजे हा विमा नव्हे, हे त्या पावतीवर आकड्यांत लिहिलेले होते. मी बेरीज तपासली, ती बरोबर निघाली, आणि पावती फाइलला लावली.

जानेवारीत दाढ फारच दुखू लागली, तेव्हा कार्डाच्या यादीतल्या एका दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने आधी कार्ड मागितले आणि मगच दर सांगितला: रूट कॅनालचे ₹९,०००, कार्डावर निम्मी सवलत, म्हणून ₹४,५००, कॅपचे पैसे वेगळे, त्यावर सवलत नाही. 'फ्री' या शब्दाचे काय झाले, असे विचारल्यावर तिने कार्डासोबतच्या माहितीपत्रकाची मागची बाजू दाखवली. तिथे बारीक अक्षरांत लिहिले होते की तपासणी आणि एक्स-रे मोफत, इतर उपचारांवर 'पात्रतेनुसार सवलत'. चार दिवसांनी शेजारच्या वहिनी कार्डाविना त्याच दवाखान्यात गेल्या, तर त्यांना रूट कॅनालचा दर ₹४,५०० च सांगितला गेला.

प्रतिनिधीचा फोन लागेना. विमा पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, पण ती सोय विम्याला आहे, सदस्यत्वाला नाही. विमा नियामक इर्डाईच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत विमा कंपन्यांची यादी आहे. त्यात हे नाव नव्हते. साहजिकच 'बीमा भरोसा' या इर्डाईच्या तक्रार संकेतस्थळावर किंवा विमा लोकपालाकडे जाण्यातही अर्थ नव्हता. ती यादी आणि इर्डाईचा १५५२५५ हा दूरध्वनी क्रमांक धनादेश लिहिण्यापूर्वीही उपलब्ध होते, आणि पाहायला दहा मिनिटेसुद्धा लागली नसती.

राहिला ग्राहक कायद्याचा मार्ग. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, कंपनीकडून उत्तर आले नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार केला आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क लागत नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पावती, माहितीपत्रकाच्या दोन्ही बाजू आणि बँकेचे विवरण एवढे कागद माझ्याकडे आहेत. प्रतिनिधीने तोंडी दिलेल्या आश्वासनांचा पुरावा मात्र नाही. त्या दिवशी त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून घेतल्या असत्या, तर अर्जाचे काम पुष्कळ सोपे झाले असते.

दाढेचे काम शेवटी शासकीय दंत महाविद्यालयात झाले. सकाळी लवकर जाऊन रांगेत बसावे लागले, चार खेपा झाल्या, आणि सगळा खर्च त्या पावतीवरच्या जीएसटीपेक्षाही कमी आला. त्या तीन घरांपैकी दोघांनी माझ्याबरोबर अर्ज करायचे ठरवले आहे. तिसऱ्यांना त्यांची पावती अजून सापडलेली नाही.