क्रूझवर इंटरनेट: जहाजाचं वाय-फाय घ्यावं, बंदरात ई-सिम वापरावं, की दोन्हींना फाटा द्यावा?

क्रूझचं बुकिंग झालं की ईमेलचा रतीब सुरू होतो. पेयांचं पॅकेज, खास रेस्टॉरंट, बंदरावरच्या सहली आणि त्यांच्या मधोमध वाय-फाय. 'आत्ताच घ्या, जहाजावर महाग पडेल' असं त्यात लिहिलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. तरीही पैसे भरण्याआधी सफरीचं वेळापत्रक उघडा आणि एकच गोष्ट मोजा: जहाज किती दिवस नुसतं समुद्रात असणार आणि किती दिवस बंदराला लागणार. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो. वेग, पॅकेजची नावं, जाहिरातीतले दावे हे सगळं त्यानंतर.

सात दिवसांत पाच बंदरं असतील तर तुम्ही बहुतेक दिवशी सात-आठ तास जमिनीवरच्या मोबाइल टॉवरच्या टप्प्यात असता. उलट महासागर ओलांडणाऱ्या सफरीत सलग सहा-सात दिवस क्षितिजावर काहीच नसतं. या दोन सफरींना एकच सल्ला कसा लागू पडेल?

आधी जो पर्याय घ्यायचाच नाही तो बाजूला काढू, कारण तो न मागताच गळ्यात पडतो. बऱ्याच मोठ्या जहाजांवर स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. जहाजातल्या छोट्या अँटेना तुमच्या फोनशी बोलतात आणि पुढचा सगळा प्रवास उपग्रहावरून होतो. फोनला त्यातलं काही कळत नाही. त्याला एक नेटवर्क दिसतं, तो जोडला जातो. कधी पडद्यावर 'सेल्युलर ॲट सी' असं काही उमटतं, तर कधी ९०१ ने सुरू होणारा आकडा. ९०१ हा कुठल्याच देशाचा कोड नाही, तो आंतरराष्ट्रीय नेटवर्कांसाठी राखलेला आहे. तो दिसला की समजा, मीटर चालू. तुमचं नेहमीचं आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक इथे सहसा चालत नाही, कारण ते देशांसाठी असतं आणि जहाज कुठल्याच देशाच्या यादीत नसतं. युरोपीय संघातली २०१७ पासूनची 'घरच्या दरात रोमिंग' ही सोयसुद्धा जमिनीवरच्या नेटवर्कपुरती आहे, जहाजाच्या उपग्रही नेटवर्कला ती लागू नाही.

माझ्या पहिल्या सफरीत मी निघताना डेकवर उभा राहून बंदराचे फोटो काढत होतो. किनारा दिसेनासा झाला, फोन खिशात गेला आणि खिशातल्या खिशात त्याने ते सगळे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले. घरी परतल्यावर आलेलं बिल बघून मी पुढचे दोन दिवस सफरीचं कौतुक कुणाला सांगितलं नाही.

किनाऱ्याजवळ ही यंत्रणा बंद ठेवावी लागते. युरोपीय संघाच्या नियमात ती मर्यादा किमान २ सागरी मैलांची आहे. म्हणजे धोका नेमका जहाज बाहेर पडताना, सगळे डेकवर जमलेले असतात तेव्हा सुरू होतो. नुसतं 'डेटा रोमिंग बंद' करणं पुरेसं नाही, कारण कॉल आणि एसएमएस तरीही येऊ शकतात आणि त्यांचे पैसे लागू शकतात. एअरप्लेन मोड लावायचा आणि मग वाय-फाय वेगळं चालू करायचं, हा सरळ उपाय.

जहाजाचं वाय-फाय

जहाजाचं इंटरनेट म्हणजे रखडपट्टी, ही समजूत आता अर्धवटच खरी आहे. पूर्वी सगळा भार विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून कायम एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांवर होता. तुमचा संदेश वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा खाली. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो, प्रत्यक्षात त्याहून जास्त. ईमेलला त्याने फरक पडत नाही, पण व्हिडिओ कॉलवर दोघं एकदमच बोलतात आणि मग एकदमच थांबतात. सुमारे ८,००० किलोमीटरवरच्या ओथ्रीबी उपग्रहांनी हे बरंच सुधारलं. मग सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणारं स्टारलिंक आलं. रॉयल कॅरिबियनने २०२२ मध्ये आपल्या ताफ्यावर ते बसवायचं जाहीर केलं आणि कार्निव्हल समूहाने २०२४ मध्ये आपल्या सगळ्या जहाजांवर ते पूर्ण केलं. अशा जहाजावर व्हिडिओ कॉल नीट होतो. सिनेमाही चालतो.

उत्तरेकडच्या सफरींत हा फरक जास्त जाणवतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असल्यामुळे नॉर्वे किंवा अलास्काकडे जाल तसे ते क्षितिजाला टेकू लागतात आणि फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांच्या, उंच कड्यांमागे सहज लपतात. खालून फिरणाऱ्या उपग्रहांना ही अडचण कमी, कारण एक कड्याआड गेला तरी दुसरा वर आलेला असतो. बुकिंग करताना 'या जहाजावर कुठल्या उपग्रहाची सेवा आहे' हे विचारून घ्या. कंपनीचं नाव पुरत नाही, जहाजाचं नाव घेऊन विचारा.

पण आकाशातून आलेला वेग तुमच्या केबिनपर्यंत पोचतोच असं नाही. जहाज म्हणजे पोलादी खोक्यांची चळत. वाय-फायचे राउटर कॉरिडॉरमध्ये असतील तर केबिनच्या आत, विशेषतः बाल्कनीकडच्या टोकाला, सिग्नल पडतो. अनेक नव्या जहाजांत केबिनागणिक राउटर असतो, जुन्यांत नसतो. शिवाय 'आयकॉन ऑफ द सीज'सारख्या जहाजावर पूर्ण भरल्यावर ७,६०० प्रवासी मावतात, कर्मचारी वेगळे. समुद्रातल्या दिवशी दुपारी जेवण आटोपून सगळे फोन काढतात तेव्हा काय होत असेल, हे सांगायला नको. पहाटे किंवा सगळे बंदरावर उतरलेले असताना तेच वाय-फाय ओळखू येत नाही इतकं पळतं.

पॅकेजची नावं कंपनीगणिक वेगळी, पण साचा साधारण सारखा: खालचं मेसेज आणि सोशल मीडियापुरतं, मधलं वेबसाइट आणि ईमेलसाठी, वरचं व्हिडिओ कॉल आणि स्ट्रीमिंगसकट. मला मधलं पॅकेज फसवं वाटतं. खालच्या पॅकेजमध्ये माणसाला जे कमी पडतं ते बहुधा व्हिडिओ कॉल असतं आणि तो अनेकदा मधल्यातही नसतो. तेव्हा मेसेजवर भागत असेल तर खालचं घ्या, नाहीतर सरळ वरचं. व्हायकिंगसारख्या काही कंपन्यांत वाय-फाय भाड्यातच असतं. मग हा प्रश्नच मिटतो.

पैसे सहसा उपकरणागणिक लागतात. एका उपकरणाचं पॅकेज घेऊन एका फोनवरून लॉगआउट करायचं आणि दुसऱ्यावर लॉगिन, असं बहुतेक ठिकाणी चालतं. नवरा-बायकोला किंवा दोन मित्रांना हे पुरतं, फक्त लॉगआउट करायचं विसरून जिमला गेलेला माणूस शोधायची तयारी हवी. आपला राउटर नेऊन एकाच्या पॅकेजवर चौघांना जोडायची युक्ती सुचली असेल तर सोडून द्या. अनेक कंपन्यांच्या मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत राउटर आहे आणि बॅग तपासताना तो काढून ठेवतात.

ओटीपीचं काय?

पॅकेजची तुलना करताना हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि जहाजावर सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. तुम्ही एअरप्लेन मोडवर आहात, वाय-फाय उत्तम चाललंय, बँकेचं ॲप उघडलं आणि त्याने एसएमएसवर ओटीपी पाठवला. तो येणार मोबाइल नेटवर्कवरून, आणि ते तर तुम्ही बंद केलंय. शिवाय जहाजाचं इंटरनेट जमिनीवर कुठल्या देशात उतरतं त्यावर तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तुमचं ठिकाण दाखवणारा आकडा, ठरतो. सकाळी एका देशातून लॉगिन, संध्याकाळी भलत्याच देशातून, हे बघून बँक खातं तात्पुरतं बंदही करू शकते.

यावर निघण्याआधीचे उपाय आहेत. जिथे शक्य तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावून ठेवा. ते नेटशिवायही आकडे देतं. तुमच्या मोबाइल कंपनीचं वाय-फाय कॉलिंग परदेशातून चालतं का, त्यावर एसएमएस येतात का, हे आधी विचारा. नाहीतर पैशांचे व्यवहार बंदराच्या दिवसासाठी ठेवा. ऑफिसचं काम करणाऱ्यांनी व्हीपीएनची, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीची, चौकशी वेगळी करावी, कारण काही जहाजांवर किंवा खालच्या पॅकेजवर तो अडवलेला असतो.

बंदरातलं ई-सिम

ई-सिम म्हणजे प्लास्टिकच्या कार्डाशिवाय, इंटरनेटवरून फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम. वेगात आणि खर्चात जहाजाच्या वाय-फायशी याची तुलनाच नको. जमिनीवरचं फोर-जी किंवा फाइव्ह-जी ते जमिनीवरचंच. अट एवढीच की फोन ई-सिम घेणारा आणि कुठल्याही कंपनीला न बांधलेला हवा आणि ई-सिम घरीच, चांगल्या नेटवर, फोनमध्ये टाकून घ्यायला हवं. जहाजावर पोचल्यावर ते उतरवायला तुम्हाला तेच महागडं वाय-फाय घ्यावं लागेल. चार देशांची सफर असेल तर देशागणिक न घेता त्या भागाचं एकच घ्या, पण यादीत तुमची सगळी बंदरं आहेत ना, ते एकेक करून तपासा. छोटे द्वीपदेश अशा यादीतून सर्रास गळलेले असतात.

बहुतेक प्रवासी ई-सिम फक्त डेटा देतात, नंबर देत नाहीत. म्हणजे ओटीपी आला तर तुमच्या जुन्या सिमवरच. बंदरात ते सिम चालू ठेवा, त्याचा डेटा बंद करा आणि जहाज सुटण्याच्या तासभर आधी पुन्हा एअरप्लेन मोड लावा.

किनारा धरून जाणाऱ्या सफरीत जहाज चालू असतानाही जमिनीचा सिग्नल मधूनच येतो. त्यावर भरवसा ठेवू नका. जमिनीचा टॉवर हातचा सुटला की फोन जहाजाच्या नेटवर्ककडे वळायला बघतो. जोखीम घ्यायचीच असेल तर नेटवर्कची निवड हाताने करून ठेवा.

आणखी एक गंमत. बंदरात फोन नेटवर्कला जोडला की घड्याळ तिथल्या वेळेनुसार आपोआप बदलतं. जहाज मात्र कधीकधी स्वतःचीच वेळ पाळतं. 'परत या साडेचारला' हे जहाजाच्या घड्याळाचे साडेचार. यासाठी मी साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवतो.

ई-सिमही नको असेल तर बंदराबाहेर फुकट वाय-फाय कुठे आहे हे जहाजाच्या कर्मचाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. सुट्टीचे दोन तास मिळालेले कर्मचारी घरी बोलायला जिथे घोळक्याने बसलेले दिसतील तिथे जाऊन बसा. फक्त तिथे बँकेचं काम करू नका.

काहीच न घेता

हा पर्याय वाटतो तेवढा कडक नाही. जहाजाचं ॲप बहुतेक ठिकाणी पॅकेजशिवाय चालतं: दिवसाचे कार्यक्रम, जेवणाच्या वेळा, खात्यावरचा खर्च. काही कंपन्या त्यातच सहप्रवाशांशी चॅटही देतात, कुठे फुकट, कुठे थोड्या पैशांत. कुटुंब सात डेकांवर विखुरलेलं असताना नेटपेक्षा ते चॅटच जास्त उपयोगी पडतं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, म्हणून बंदरांचे नकाशे आधी उतरवून ठेवले की रस्ता सापडतो. सिनेमे, पुस्तकं उतरवा आणि निघण्याआधी एकदा घरीच एअरप्लेन मोडवर उघडून बघा. काही ॲपना मधूनमधून नेटवर हजेरी लावावी लागते, ते समुद्रात कळून उपयोग नाही. घरच्यांकडे जहाजाचं नाव, केबिन क्रमांक आणि आणीबाणीत संपर्क साधायचा कंपनीचा नंबर देऊन ठेवा.

मग कुणी काय घ्यावं?

जवळजवळ रोज बंदर असेल आणि घरी 'पोचलो, बरे आहोत' एवढंच सांगायचं असेल तर फक्त ई-सिम. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस मागे ठेवून निघाला असाल तर बंदरं कितीही असोत, जहाजाचं खालचं पॅकेज घ्याच. रात्री दोनला आलेला मेसेज दिसणं हीच त्याची किंमत. समुद्रातले दिवस जास्त आणि मुलं किशोरवयीन असतील तर वरचं पॅकेज, आणि उपकरणं किती ते घरातच भांडून ठरवा.

जहाजावरून काम करणार असाल तर वरचं पॅकेज आणि ई-सिम दोन्ही हवं. स्टारलिंकला सगळ्या देशांची परवानगी नाही. जिथे नाही तिथे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या आत जहाजाला दुसऱ्या उपग्रहावर जावं लागतं आणि तुमची बैठक नेमकी तेव्हाच असते. चुकवता येणार नाही अशी बैठक ठेवायचीच असेल तर बंदरात, जमिनीवर ठेवा.

पॅकेज घ्यायचं ठरलं तर निघण्याआधीच घ्या, पण आगाऊ रद्द करता येतं का ते बघून. येत असेल तर मधूनमधून दर बघत राहा, उतरला तर जुनं रद्द करून नवं घेता येतं. जहाजावर चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी केबिनमध्ये बसून जोडून बघा. लॉगिनचं पान उघडलं नाही तर व्हीपीएन आणि फोनच्या सेटिंगमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' बंद करून पुन्हा प्रयत्न करा. दर वेळी तुम्हाला नवं उपकरण समजत असेल तर त्या नेटवर्कपुरता वाय-फायच्या सेटिंगमधला फोनचा 'प्रायव्हेट पत्ता' (फोनची खरी ओळख लपवणारी सोय) बंद करा. तरी जमलं नाही तर त्याच रात्री मदत कक्षावर जा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे रांग लागलेली असते.