‘स्प्लिट’ मादीसाठी मोजलेले साडेसहा हजार

गेल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मी सोलापुरातच झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळायच्या छोट्या पक्ष्याच्या दोन जोड्या घेतल्या. साधी करडी जोडी मला सहाशेला मिळत होती, पण या दोन जोड्यांचे मी साडेसहा हजार मोजले. पहिल्या जोडीतला नर ब्लॅक चीक होता, नारिंगी गालांऐवजी काळ्या गालांचा. मादी दिसायला साधी, पण विकणारा म्हणाला, ‘स्प्लिट आहे.’ म्हणजे रंग अंगावर नाही, रक्तात आहे. दुसऱ्या जोडीतले दोघेही साधे, आणि दोघेही ‘फॉन स्प्लिट’, म्हणजे फिकट तपकिरी फॉन रंग रक्तात असलेले.

स्प्लिट डोळ्यांना दिसत नाही. सगळी फसवणूक इथेच आहे.

काळे गाल दिसायला तो रंग आई-बाप दोघांकडून यावा लागतो. काळ्या गालांचा नर आणि खरी स्प्लिट मादी असेल, तर सरासरी निम्मी पिल्लं काळ्या गालांची निघतात. पण गालांचा रंग यायला दोन-तीन महिने जातात. मी रोज सकाळी राळं घालताना एकेका पिल्लाचे गाल बघायचो. दोन खेपांत अकरा पिल्लं झाली, अकराही साधी. खरी स्प्लिट मादी असताना असं घडण्याची शक्यता दोन हजार अठ्ठेचाळीसात एक. विकणाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मालक, रंग म्हणजे नशिबाचा खेळ हाय."

मग एका जुन्या पाळणाऱ्या काकांना दुसरी जोडी दाखवली. मादीकडे बघून ते म्हणाले, "बाळा, फॉनची स्प्लिट मादी जगात नसते." फॉन रंगाचं जनुक झेड या नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. नराकडे झेड दोन, मादीकडे एकच. त्यामुळे तिच्यात फॉन असला तर तो अंगावर दिसतोच, लपायला जागाच नाही. सीएफडब्ल्यू (चेस्टनट फ्लँक्ड व्हाइट) आणि लाइटबॅक या रंगांचंही तसंच. दहा वर्षं हेच विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पैसे गेल्यापेक्षा मला याचाच जास्त राग आहे.

म्हणून फॉन, सीएफडब्ल्यू, लाइटबॅकची ‘स्प्लिट मादी’ कोणी दाखवली तर तिथूनच परत फिरा. ब्लॅक चीक, पाइड, पेंग्विन या रंगांची जनुकं झेडवर नसतात, म्हणून त्यांत मादी स्प्लिट असू शकते, पण तिचे आई-बाप पिंजऱ्यात बघायला मागा. दोघांपैकी एकाच्या अंगावर तो रंग असेल, तर साधं दिसणारं पिल्लू नक्की स्प्लिट. आई-बाप दोघेही नुसते ‘स्प्लिट’ असतील, तर साध्या दिसणाऱ्या पिल्लांत सरासरी तिनात दोनच स्प्लिट निघतात, आणि ते कोणते हे कोणालाच सांगता येत नाही. ‘विकून टाकले’ असं उत्तर आलं, तर साध्या पक्ष्याचाच भाव द्या.

माझी ती अकरा पिल्लं मात्र खरी स्प्लिट आहेत, कारण बाप काळ्या गालांचा आहे. त्यांच्या पायांत निळ्या रिंगा घातल्यात आणि वहीत तारखा लिहिल्यात. दोन माद्या काकांना दिल्या, तेव्हा त्यांना आधी बापाचा पिंजरा दाखवला.